अर्ध्या तासाची खोली

४ जुलै, सोमवार

पाच दिवसांचं प्रशिक्षण काल संपलं. वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या आम्ही अकरा नर्स होतो, सगळ्या लहान मुलांच्या वॉर्डातल्या. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही पहिल्याच दिवशी ‘चित्रबाई’ करून टाकलं. सकाळी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि मग खडू घेऊन हाताला येईल ते कागदावर उतरवायचं. चांगलं काढायचं नाही, फक्त काढायचं. पहिले दोन दिवस मी मनात हसत होते. तिसऱ्या दिवशी काळा खडू घेऊन कागद भरत बसले आणि मध्येच रडायला लागले. कशाचं रडू ते कळलं नाही. चौदा वर्षांत किती मुलांना मी शेवटचं पुसून, कपडे घालून आईबापांच्या हातात दिलं, ते कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी कुणीतरी आतून मोजायला लागलं.

चित्रबाईंनी जाताना दोन गोष्टी बजावल्या. चित्र ज्याचं त्याच्याच मालकीचं. आणि दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ आपण लावायचा नाही. शिवाय रोज चार ओळी लिहा म्हणाल्या, म्हणून ही वही.

आज प्रशासनाच्या साहेबांनी स्वतः बोलावून खुर्ची दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. आपल्या बालविभागात नर्ससाठी असं सत्र सुरू करा, दर बुधवारी अर्धा तास, तुमच्यासारख्या अनुभवी बाईंनी मनावर घेतलं तरच होईल, असं म्हणाले. दोन जादा नर्स मिळाव्यात म्हणून आमचे दोन अर्ज पडून आहेत, ते मी हळूच काढलं. तेही विचाराधीन आहे म्हणाले.

घरी सांगितलं. हे घड्याळ उघडून बसले होते. डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, “म्हणजे भुकेल्या माणसाला ताटाचं चित्र काढायला शिकवणार.”

मला राग आला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला बाकीची यंत्रं कधी दिसत नाहीत.

७ जुलै, गुरुवार

खोली मिळाली. वॉर्डाच्या टोकाला चादरींची जुनी कोठी होती, ती. मी आणि थोरलीने मिळून झाडली. थोरली म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी नर्स. दीड वर्षाने निवृत्त होईल. हुद्द्याने मी तिच्या वर असले तरी ती मला अगं-तुगंच करते, आणि मलाही तेच बरं वाटतं. जुन्या रबरी चादरींचा वास काही गेला नाही. साहेबांनी चटया पाठवल्या, एक मंद दिवा पाठवला, आणि दारावर लावायला छापलेली पाटी: ‘सत्र चालू आहे. शांतता राखा. दार वाजवू नये.’ फोन ठेवायला बाहेर एक टोपलीसुद्धा. एवढा बारीक विचार कोण करतं?

थोरली पाटी वाचून म्हणाली, “लहान मुलांच्या वॉर्डात दार वाजवू नये, असं पहिल्यांदाच वाचतेय बाई.”

१३ जुलै, बुधवार

पहिलं सत्र झालं. दोन ते अडीच ही वेळ ठेवली आहे. भेटायला आलेले लोक गेलेले असतात, बरीच मुलं झोपलेली असतात. दुपारी मी धरून आम्ही पाच जणी, खाटा सव्वीस. तिघी माझ्याबरोबर आत आल्या, एक वॉर्डात राहिली. निभावलं.

थोरलीने खुर्ची काढली. नुसती खुर्ची. बसावंसं वाटलं म्हणाली.

चिमणीने काढलेलं चित्र मात्र मला फार आवडलं. चिमणी चोवीस वर्षांची, अंगाने काडी, तोंडाने अखंड चालू. इंजेक्शन द्यायच्या आधी मुलाला असली काहीतरी गोष्ट सुरू करून देते की सुई टोचली तरी ते पोर “मग पुढे?” विचारतं. तिने खाटांची रांग काढली. कागद संपला तर उलटा करून मागेही खाटाच. आणि शेवटी कोपऱ्यात एक एवढीशी नर्स, तिला हातच नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, “हात पुरतायत कुठे ताई, म्हणून काढलेच नाहीत.”

सगळ्या पोट धरून हसलो. किती दिवसांनी.

२० जुलै, बुधवार

आज चिमणी मोकळी झाली. चित्र काढता काढता आपणहून बोलली. घरी गेल्यावर जेवताना तिच्या डोक्यात रोज तेच चालतं, सहा नंबरला दिलं ते सहा नंबरचंच होतं ना. दोनदा ती अर्ध्या रस्त्यातून परत येऊन तक्ता बघून गेली होती. कुणालाच सांगितलं नव्हतं. “एक दिवस माझ्या हातून चुकीचं औषध जाणार आहे ताई, मला माहीत आहे,” असं म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिचा चेहरा ओझं उतरवल्यासारखा हलका दिसला. मी तिचेच शब्द सत्राच्या नोंदवहीत उतरवून ठेवले. चित्रबाई म्हणायच्या तसं घडतंय.

संध्याकाळी साहेबांनी सगळी चित्रं आणि नोंदवही मागवून घेतली. विश्वस्तांना अहवाल द्यायचा आहे. कुणाचं कुठलं ते कळायला मागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात नावं घाला म्हणाले. चित्रबाईंचं बोलणं मनात आलं. पण साहेब काही परके नाहीत. मी नावं घातली. त्यांनी एकेक कागद सावकाश उलटून पाहिला. चिमणीच्या चित्रावर बराच वेळ थांबले. मग मान वर करून विचारलं, “हिला आता बरं वाटतंय ना?”

एवढ्या मोठ्या जागेवरचा माणूस एका साध्या नर्सची चौकशी करतो. मला भरून आलं.

२९ जुलै, शुक्रवार

दुपारच्या पाळीतली एक जण तात्पुरती दुसऱ्या विभागात गेली. आता मी धरून चौघी.

गेल्या आठवड्यात आम्ही तिसरा अर्ज दिला होता, त्याचं उत्तर आलं. ‘कर्मचारी-कल्याण सत्रांमुळे बालविभागातील ताण लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे दिसून येते. सबब सध्या वाढीव पदांची आवश्यकता वाटत नाही.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खोटं का बोलू, आनंदच झाला. आपल्या कामाची लेखी दखल घेतली गेली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठेतरी टोचलं. थोरलीने कागद घेतला, वाचला, घडी घालून परत माझ्या हातात दिला.

“दोन माणसं येणार होती,” ती म्हणाली. “ती आपण आपल्याच हाताने खोडरबराने पुसली.”

वय झालं की माणूस कडवट होतं. मी मनावर घेतलं नाही.

३ ऑगस्ट, बुधवार

हजेरीचं पत्रक आलं आहे. कोण आलं, कोण नाही, का नाही, सगळं भरून द्यायचं. चिमणी खोलीच्या दारातच थांबली. पहिली चित्रं परत कधी मिळणार विचारत होती. साहेबांकडे आहेत, सुरक्षित आहेत, मी सांगितलं. ती आत आली, चटईवर बसली, आणि एक चौकोन काढून तो पूर्ण पिवळा रंगवला. अर्धा तास तोच. कडेपर्यंत, कुठेही रेघ बाहेर नाही. खाटा नाहीत, नर्स नाही.

काय फरक पडला तीन आठवड्यांत! नोंदवहीत लिहिलं: ‘मन स्थिर. चित्र शांत.’ वॉर्डातही हल्ली तिची बडबड कमी झाली आहे. मुलांना गोष्टी सांगत नाही, पटापट काम उरकते. मन एकाग्र व्हायला लागलं की असंच होतं.

९ ऑगस्ट, मंगळवार

सात नंबरला परवा एक मुलगी आली आहे, पाच वर्षांची, सारखे झटके येतात. वडील शिंपी. मुलीच्या प्रत्येक फ्रॉकला त्यांनी चार-चार खिसे शिवलेत, आणि प्रत्येक खिशात काहीतरी असतंच. आज तिने मला एक बटण दिलं आणि दुसऱ्या मिनिटाला परत मागून घेतलं.

उद्याचं पाचवं सत्र. हजेरी कमी पडते आहे. थोरली आणि आमच्या पाळीतली चौथी, ती उंच नर्स, गेल्या खेपेला आल्या नव्हत्या, म्हणजे उद्या त्या दोघींना आणायलाच हवं. वॉर्डात चिमणी राहील. ती म्हणाली, ताई, उद्या नको ना, दोन नवीन मुलं दाखल झालीत आणि सात नंबरचं काही खरं नाही. मी म्हटलं अगं, अर्ध्या तासात काय होतंय.

१० ऑगस्ट, बुधवार, दुपारी २.३५, खोलीतच

आजचं सत्र पहिल्यांदा जसं व्हायला हवं तसं झालं, म्हणून लगेच लिहिते आहे. तिघी डोळे मिटून बसलो. श्वास आत, श्वास बाहेर. बाहेरच्या गाड्यांची चाकं, कुठेतरी नळ, सगळं ऐकू येत होतं आणि त्यातलं काहीच आपलं नव्हतं. मध्ये दार वाजलं. आधी हलकं, मग जरा जोरात. पूर्वीची मी असते तर धडपडत उठले असते. चौदा वर्षं तेच केलं. आज मी जागची हलले नाही. आवाज आला, आवाज गेला. डोळेसुद्धा उघडले नाहीत. नंतर मनात आलं, हाच तो क्षण, ज्याबद्दल चित्रबाई सांगत होत्या.

उंच नर्सने निळं काहीतरी काढलं आहे. थोरलीला चक्क डुलकी लागली, तिला उठवलं नाही.

बाहेर कोणीतरी पळतंय. बघते.

११ ऑगस्ट, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

काल दोन वाजून दहा मिनिटांनी सात नंबरच्या मुलीला पुन्हा झटके सुरू झाले. डॉक्टरांना पाच मिनिटं आधी खाली अपघात विभागात बोलावलं होतं. त्यांनी फोनवरून औषध सांगितलं, मी येतोच म्हणाले. ते औषध वजनावर हिशेब करून द्यायचं असतं. जास्त झालं तर झटक्यांबरोबर श्वासही थांबतो. म्हणून नियम आहे की दोन नर्सनी आकडा बघायचा, दोघींच्या सह्या झाल्या की मगच द्यायचं. चिमणी एकटी होती. मुलगी निळी पडायला लागली होती. बाकीची पंचवीस होतीच. तिने वाट पाहिली नाही. दशांशाचं टिंब एक घर सरकलं. दहापट गेलं.

चूक तिच्याच लक्षात आली, लगेच. तिने मुलीच्या तोंडावर मास्क धरून, हाताने दाबायच्या रबरी पिशवीने श्वास दिला. डॉक्टर येईपर्यंत आणि आल्यावरही ती हात सोडत नव्हती. त्यांना तिची बोटं सोडवावी लागली.

मुलगी अतिदक्षता विभागात आहे. यंत्रावर.

डॉक्टरांनी चिमणीला विचारलं, दुसरी सही का नाही. ती सगळ्यांसमोर म्हणाली, मी खोलीपाशी गेले होते, दोनदा दार वाजवलं, कुणी उघडलं नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, आधी मुलीचं बघू.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

चौकशी. साहेबांनी चहा मागवला. माझा जबाब टाइप करून तयारच होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘सत्रादरम्यान दार वाजल्याचे मला ऐकू आले नाही.’ थोरलीने आपल्याला झोप लागली होती असं खरं तेच सांगितलं होतं. उंच नर्स म्हणाली होती की काहीतरी आवाज झाला, कदाचित गाडी असेल.

साहेब अगदी शांतपणे बोलत होते. “ऐकू आलं असेल तर तसं लिहा, सिस्टर. माझी हरकत नाही. फक्त मग जबाबदारी तुमच्याकडे येते, आणि हे सगळं इतकं चांगलं चाललेलं बंद होतं.”

टेबलावर चिमणीचं पहिलं चित्र होतं. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘हात नसलेली आकृती. चुकीचे औषध देणार असल्याची पूर्वकल्पना स्वतः बोलून दाखवली, नोंद २० जुलै. मानसिकदृष्ट्या अपात्र?’ पेन्सिलीने घातलेलं नाव माझ्या अक्षरात होतं. नोंदही माझ्याच अक्षरात.

हे चित्र तिचं आहे, मी म्हणाले. साहेब म्हणाले, कागद रुग्णालयाचा आहे, खडू रुग्णालयाचे आहेत, वेळही रुग्णालयाचीच आहे.

मी सही केली. चहा पिऊन आले.

१४ ऑगस्ट, रविवार

गाडी असू शकते. औषधांच्या गाडीचं एक चाक वाकडं आहे, वळताना ते दारावर आपटतं. डोळे मिटलेले असताना आवाज कुठून येतो ते नीट कळत नाही. शिवाय चिमणी त्या वेळी भेदरलेली होती. आपण दार वाजवलं असं तिला नंतर वाटलं असेल.

सकाळी असं सगळं मनात जुळवत आणलं आणि मग या वहीचं मागचं पान उघडलं. आधी हलकं, मग जरा जोरात. माझंच अक्षर. पान फाडायला धरलं होतं.

हे मागे येऊन उभे होते. किती वेळ, कोण जाणे. “ऐकू आलं होतं का?” एवढंच विचारलं. मी उठून चहा ठेवायला गेले. चहा घेऊन आले तर ते कामाला लागले होते. दिवसभर पुन्हा काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पान फाडलेलं नाही.

१७ ऑगस्ट, बुधवार

चिमणीला घरी बसवलं आहे. सत्र मात्र झालंच पाहिजे, असा वरून निरोप आला. खंड पडला तर आपणच चूक कबूल केल्यासारखं होईल म्हणे. वॉर्ड सांभाळायला दुसरीकडून एक नर्स पाठवली, जिला औषधांचं कपाट कुठे आहे तेही माहीत नव्हतं.

चटयांवर बसलो. श्वास आत, मी म्हणाले, आणि पुढचं मला आठवेना. कुणी खडूला हात लावला नाही. दहा मिनिटं अशीच गेली आणि दार वाजलं.

मी कधी उठले आणि कधी दार उघडलं ते कळलं नाही. धोबीखात्यातली बाई होती. वर्षानुवर्षांच्या सवयीने चादरींचा गठ्ठा घेऊन जुन्या कोठीत ठेवायला आली होती. पाटी वाचून घाबरली, माफी मागायला लागली.  थोरलीने पुढे होऊन गठ्ठा घेतला.

मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. “त्या दिवशी मी झोपले होते,” ती म्हणाली. “तू नव्हतीस.”

१९ ऑगस्ट, शुक्रवार

चिमणीच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आईने दार उघडलं, मला ओळखलं, आत घेतलं. पाणी दिलं. मग ती उगाच खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलायला लागली. तेवढ्यात चिमणी बाहेर आली. केस विंचरलेले, कपडे नीट. चेहऱ्यावर तोच पिवळा चौकोन होता, कुठेही रेघ बाहेर न गेलेला. तीन ऑगस्टला मी काय बघत होते ते मला आज दिसलं.

तिला पत्र आलं आहे. मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला आणल्याशिवाय कामावर घेणार नाहीत. त्यात ‘हात नसलेली आकृती’ असे शब्द आहेत. ते शब्द तिने मला बोट ठेवून दाखवले.

“ताई, माझी चित्रं तुम्ही कोणाकोणाला दाखवलीत?”

एकट्या साहेबांना, मी म्हणाले. आणि नोंदवही. तिने मान हलवली, जणू हिशेब जुळला.

मग म्हणाली, “चूक माझ्या हातून झाली ताई. टिंब मी चुकवलं. ते मी कुणावर ढकलणार नाही. पण मी दोनदा दार वाजवलं. पाटी वाचून परत फिरणार होते. मग वाटलं, आत तुम्ही आहात, तुम्ही उठालच. दुसरं कुणी असतं तर मी वाजवलंच नसतं.”

तिची आई कपडे हातात घेऊन तशीच उभी होती.

मी म्हणाले, “मला ऐकू आलं होतं.”

मोठ्याने पहिल्यांदाच म्हणाले. वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, निदान बाहेर काढेल. तिने एवढंच विचारलं, “मग आता?”

२२ ऑगस्ट, सोमवार

नवा जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. दार वाजलं, दोनदा वाजलं, मी ऐकलं आणि उठले नाही. आदल्या दिवशी चिमणीने आपल्याला वॉर्डात एकटीला ठेवू नका असं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तीन अर्ज कोणत्या तारखांना दिले तेही लिहिलं. एक प्रत साहेबांना दिली, एक वैद्यकीय अधीक्षक बाईंना. साहेबांनी वाचून घडी घातली. आवाज चढवला नाही. तुमच्या चौदा वर्षांचं वाईट वाटतं, एवढंच म्हणाले.  

मग अतिदक्षता विभागापाशी गेले. शिंपी बाकावर बसला होता. बारा दिवस तिथेच आहे. मांडीवर मुलीचा फ्रॉक, आणि त्यातला एक खिसा तो उसवून परत शिवत होता, तोच, पुन्हा पुन्हा. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. न थांबता, जसं झालं तसं.

त्याने सुई फ्रॉकमध्ये खोचून ठेवली. 

“आत काय करत होता तुम्ही?” त्याने विचारलं.

“श्वास,” मी म्हणाले. “डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत होतो.”

तो काचेकडे बघायला लागला. आत यंत्र त्याच्या मुलीची छाती वर करत होतं, खाली करत होतं. मीही तिकडेच बघत राहिले. त्याने मला ऊठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

२७ ऑगस्ट, शनिवार

काल यंत्र काढलं. मुलगी स्वतः श्वास घेते आहे. उजव्या हाताची मूठ वळत नाही, आणि बोलते तो प्रत्येक शब्द लांबून ओढून आणल्यासारखा येतो. डॉक्टर म्हणतात, किती भरून निघेल ते आत्ताच सांगता येणार नाही. वर्ष लागेल, कदाचित जास्त.

थोरलीनेही नवा जबाब दिला. झोप लागली होती हे खरंच आहे, पण का लागली तेही लिहा, असा तिने आग्रह धरला. सलग नववा दिवस होता तिचा.

७ सप्टेंबर, बुधवार

निकाल लागला. चिमणीला लेखी ताकीद, दाखल्याची अट मागे घेतली. ती मात्र परत येणार नाही. तिच्या आईने फोनवर सांगितलं, ती स्वतः बोलली नाही. बालविभागाला एक पद मंजूर झालं. दोन मागितली होती. माझं प्रमुखपद काढलं आणि मला बाह्यरुग्ण विभागात लशींच्या टेबलावर बसवलं आहे. चित्रं परत मागितली, तर ती मुख्यालयात गेलीत म्हणाले. अहवालासोबत.

साहेब आहेत तिथेच आहेत.

घरी हे सांगितलं. यांनी भिंग काढून ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसले. ताटाबद्दल काही बोलले नाहीत. मला वाटतं, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात एवढा वेळ ते कधी नुसते बसले नव्हते.

१२ सप्टेंबर, सोमवार

आज लस संपवून टेबल आवरत होते तर एक तरुण नर्स शोधत आली. नवजात बाळांच्या विभागातली. चेहरा उजळलेला, हातात कोरी नोंदवही. कालच पाच दिवसांचं प्रशिक्षण संपवून आली आहे. या बुधवारपासून सगळ्या विभागांत सत्रं सुरू होणार आहेत, आणि साहेबांनी स्वतः बोलावून तिला खुर्ची दिली. तुमच्याकडे मुली इतक्या मोकळेपणाने कशा बोलायला लागल्या, ते जरा शिकवा ना ताई, म्हणाली.

तिला प्रशिक्षणात रडू आलं होतं का, मी विचारलं. आलं होतं. तिसऱ्या दिवशी. सांगताना अजून तिचे डोळे भरत होते, आणि ते रडू खोटं नव्हतं. माझंही नव्हतं. चित्रबाईंनी जे दिलं ते खरंच होतं, एवढं मी अजूनही म्हणेन. 

मग तुमच्याकडे दुपारी किती जणी असता, असं विचारलं.

“दोघी,” ती म्हणाली. “मी आणि अजून एक. पण ती तयार आहे ताई, दोघी बसणार आम्ही.”

“आणि बाळं किती?”

“अकरा. दोन काचेच्या पेटीत.”

“मग तुम्ही दोघी आत बसाल तेव्हा बाहेर कोण असेल?”

तिने दोघींची दोन बोटं वर केली आणि एकेक करून मिटली.